न पेटणारं तेल

आमच्या घरात गुडघेदुखीवर ट्रान्सफॉर्मरचं तेल लावत. आज हे वाक्य लिहिताना हात अडखळतो, पण तेव्हा कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. विजेच्या कामावरची सगळीच माणसं लावायची. शिड्या चढून-उतरून त्यांचे गुडघे लवकर जातात आणि तेल तर हाताशीच असतं. कुणीतरी कधीतरी चोळून पाहिलं असेल, चार दिवस आराम पडला असेल, की झालं औषध तयार! माझे बाबा मुलुंडच्या एका मोठ्या कारखान्यात विद्युत विभागाचे इंजिनीअर होते. कारखान्याची सगळी वीज त्यांच्या सबस्टेशनातून जायची. तिथल्या लोखंडी पेटाऱ्यांमध्ये तारांची वेटोळी थंड राहावीत म्हणून तेल भरलेलं असे. दुरुस्तीच्या वेळी ते काढलं, की त्यातलं थोडं बाबा डब्यातून घरी आणायचे.

आम्ही मुलुंड पूर्वेला, मिठागरांच्या बाजूला राहायचो. दोन खोल्या, लांबलचक सामायिक गॅलरी, आणि उन्हाळ्यात समोर मिठाचे पांढरे ढीग. सकाळी कारखान्याचा भोंगा झाला की आईचा तवा चुरचुरायचा. रविवारी बांगड्याची आमटी, सोलकढी आणि बाबांना आवडतात म्हणून खाडीतल्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे. ह्याच रविवारी सकाळी दारात बाटल्या घेऊन माणसं यायची. कुणी सरबताची बाटली आणायचं, कुणी खोकल्याच्या औषधाची. बाबा लुंगीवर, पाटावर बसून एकेक बाटली नरसाळ्याने भरायचे आणि प्रत्येकाला विचारायचे, "डावा की उजवा?" जणू दोन्ही गुडघ्यांना वेगळी मात्रा लागते. आई आतून म्हणायची, "आले डॉक्टर परब!" बाबांना ते मनातून आवडायचं. ते सभ्य आणि जरा भित्रे गृहस्थ होते, कारखान्यात साहेबांपुढे त्यांचा आवाज फुटत नसे. पण रविवारी त्या पाटावर त्यांची मान ताठ असायची.

आमच्याकडे माझी आत्या राहायची. मोठी बहीण म्हणून बाबांना एकेरी हाक मारणारी आणि गिरणीत बावीस वर्षं उभ्याने काम करून गुडघे घालवलेली. आत्या सकाळ-संध्याकाळ भिंतीला पाठ टेकून पाय पसरायची, तळहातावर तेल घ्यायची आणि चटाचट चापट्या मारत चोळायची. आमच्या घराचा तो ठरलेला आवाज होता. मी अकरावी-बारावीत होते, शास्त्र शाखेला. बाबांसारखी इंजिनीअर होणार असं मी सगळ्यांना सांगत सुटले होते आणि आत्या म्हणायची, "होऊंदे गे, पण पयली भाकरी थापूक शिक."

त्या वर्षी गणपतीच्या सुमाराला कारखान्यातला सगळ्यात जुना ट्रान्सफॉर्मर बदलायचं ठरलं. तो इमारतीच्या आत बसवलेला होता आणि आत आग लागू नये म्हणून त्यात वेगळं, न पेटणारं, परदेशातून आलेलं तेल होतं. बाबा त्याला 'विलायती' म्हणायचे. ते नेहमीच्या तेलापेक्षा जड होतं, पाण्यात टाकलं तर तळाशी जाऊन बसायचं, आणि त्याला डांबराच्या गोळ्यांसारखा वास यायचा. ते काढून पिंपं भरली, आणि बाबांनी नेहमीप्रमाणे घरी एक डबा आणला. नेहमीचं तेल एवढं गुणकारी, तर विलायती किती असेल, हा त्यामागचा हिशेब. रविवारच्या बाटल्याही मग त्यातूनच भरल्या. शिकलेल्या माणसाने असा विचार करावा ह्याचं आज मला हसू येत नाही. विलायती म्हटल्यावर आपण सगळेच मान डोलावत होतो.

दिवाळीत बाबांनी गॅलरीतल्या पोरांना एक गंमत दाखवली. वाटीत ते तेल घेतलं आणि जळती काडी त्यात बुडवली. काडी विझली. पुन्हा एक, पुन्हा विझली. "तेल आहे, पण पेटत नाही! हे खरं इंजिनीअरिंग," बाबा म्हणाले. पोरांनी टाळ्या पिटल्या. आत्या दारात उभी राहून बघत होती. तिचा चेहरा उतरला. "दिवाळेच्या दिसांनी दिवो इजवतत काय रे सदा?" ती म्हणाली. बाबा हसले आणि वाटी आत नेऊन ठेवली. आत्याचं बोलणं मी ऐकलं, पण समोर चकलीची ताटली होती आणि मी सतरा वर्षांची होते.

त्यानंतर पुटकुळ्या दिसायला लागल्या. त्या वयात मला पुटकुळ्यांचा दांडगा अभ्यास होता, दिवसातून दहा वेळा आरशात बघायचे. म्हणून आत्याच्या पुटकुळ्या माझ्यासारख्या नाहीत हे मला आधी कळलं. तिला त्या कानामागे आणि गालाच्या हाडावर आल्या होत्या, बारीक, काळ्या, दाबल्या तरी न निघणाऱ्या. आणि ती तर तेल गुडघ्याला लावायची. तिथे तसं काही नव्हतं. "म्हातारपणात तरणाटेपण इला," असं म्हणून ती हसायची. नाक्यावरच्या डॉक्टरांनी उष्णता म्हणून मलम दिलं. मग बाबांच्या हाताखालचे वायरमन गायकवाडकाका एका संध्याकाळी काही निरोप घेऊन आले. त्यांच्याही कानामागे तेच होतं. मी बघतेय हे लक्षात येऊन त्यांनी शर्टाची कॉलर वर ओढली. ती पिंपं भरताना कोपरापर्यंत हात तेलात घालणारे तेच होते. मी बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "अगं, कामावरच्या माणसाला काही ना काही होतंच." पण त्या रात्री जेवताना ते आत्याच्या कानाकडे दोन-तीनदा बघत होते.

संक्रांत होऊन चार-पाच दिवस झाले होते. सोमवार होता. बाबा कामावरून आले ते एक घडी घातलेला कागद घेऊनच. नवीन ट्रान्सफॉर्मरच्या कागदपत्रांत तो आला होता आणि स्टोअरच्या कारकुनाने न वाचताच फायलीला लावला होता. बाबांनी तो वाचला होता, तरी माझ्या हातात देऊन म्हणाले, "वैशू, तुझं इंग्रजी चांगलं आहे. मोठ्याने वाच. मला काही चुकीचं समजलंय का बघ." मी शब्दकोश घेऊन बसले. जुन्या न पेटणाऱ्या तेलाची विल्हेवाट कशी लावावी, असा त्याचा विषय होता. हे तेल नासत नाही, मातीत किंवा पाण्यात गेलं तर वर्षानुवर्षं तसंच राहतं. गटारात सोडू नये. उघड्यावर जाळू नये. पाण्यातून मासळीत आणि मासळीतून माणसात जातं. अंगातल्या चरबीत साठतं आणि आईच्या दुधातून मुलात उतरतं. यकृताला धोका. कातडीला लागू देऊ नये, लागल्यास ते आत शिरतं. पहिली खूण, चेहऱ्यावर आणि कानामागे काळ्या पुटकुळ्या.

मी वाचत होते आणि आतल्या खोलीत चट्, चट्, चट् आवाज येत होता. आत्या गुडघे चोळत होती. बाबा उठले, आत गेले आणि तिच्या हातातली वाटी काढून घेतली. "अरे, अजून उजवो ऱ्हवलो हा!" आत्या म्हणाली. बाबा वाटी घेऊन मोरीपाशी गेले आणि तिथेच थांबले. ओतायची कुठे? मोरीचं पाणी गटारात, गटाराचं खाडीत, आणि खाडीच्या चिंबोऱ्या आमच्या ताटात. ते कितीतरी वेळ ती वाटी धरून उभे होते. शेवटी त्यांनी ते तेल परत डब्यात ओतलं, झाकण घट्ट लावलं, आणि डबा माळ्यावर ठेवला. मला तेव्हा बाबांची फार भीती वाटली. रागावलेल्या बापाची वाटते तशी ती नव्हती. काय करावं हे ज्याला कळत नाही अशा बापाची भीती त्याहून वाईट असते.

मंगळवारी कामावर जाऊन त्यांनी आधी गायकवाडकाकांना सांगितलं आणि मग मोठ्या साहेबांना. संध्याकाळी आईला सांगताना बाबांचा आवाज खाली होता, पण आमच्या दोन खोल्यांत खाली आणि वर असं काही नव्हतंच. साहेबांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "परब, झाकली मूठ सव्वा लाखाची." पिंपांचा व्यवहार कुर्ल्याच्या एका भंगारवाल्याशी ठरला होता. रविवारच्या आत पिंपं जायची होती, तोवर ह्या कागदाबद्दल कुठे चकार शब्द नको. "आणि त्या बाटल्या वाटायला कंपनीने सांगितलं होतं का तुम्हाला? गुपचूप गोळा करा. तेल जुनं झालं म्हणून सांगा." आई म्हणाली, "मग तुम्ही काय म्हणालात?" बाबा म्हणाले, "बाटल्या परत आल्या की झालं ना? कारण काय का असेना." आई ताटं उचलून आत गेली. त्या दिवसापासून आत्याला रोज गरम पाण्याचा शेक सुरू झाला, आणि चिंबोऱ्या आमच्या घरातून कायमच्या गेल्या.

बुधवारी संध्याकाळी बाबा आणि मी कापडी पिशवी घेऊन निघालो. पंधरा घरं होती. बाबा प्रत्येक दारात तेच वाक्य म्हणायचे, "ते तेल जुनं झालंय हो, पुढच्या खेपेला ताजं देतो." लोक हसून बाटली आणून द्यायचे, काहीजण तिळगूळ द्यायचे. एकीने तर "एवढं कोण करतं आजकाल!" म्हणून बाबांचं कौतुक केलं. मी बाटल्या पिशवीत ठेवत होते आणि माझे कान तापले होते. दोन दिवसांत चौदा बाटल्या आल्या. पंधरावं घर तळमजल्यावरच्या तांडेलमावशींचं, आणि त्याला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "मनोरीला गेल्यात, नातीचं बोरन्हाण आहे. येतील एक-दोन दिवसांत. काही निरोप?" बाबा घुटमळले. मग म्हणाले, "नाही, नाही. सवडीने बघू." जुन्या तेलासाठी कुणी कुणाच्या मागे मनोरीला धावत नाही. खोटं कारण सांगितलं की घाईही दाखवता येत नाही.

गुरुवारी गायकवाडकाका आले. ते चौकाच्या पलीकडच्या वस्तीत राहायचे आणि तिथल्या सात-आठ घरांना त्यांनीच बाबांचं तेल नेऊन दिलं होतं. बाबांनी विचारलं, "तुमच्याकडच्या बाटल्यांचं काय?"

"त्या मंगळवारीच आल्या, साहेब. तासाभरात."

"एवढ्या लवकर? काय सांगितलंत?"

"काय सांगणार? जे हाय ते. विहारात सगळे जमले होते, उभा राहिलो आन् म्हटलं, आपण औषध म्हणून वाटलं ते विष निघालं. माझ्याच हातानं दिलं. कुणी बाळंतीण आसल, कुणी लेकराला लावत आसल, तर आधी सांगा." काका कॉलरशी चाळा करत होते. "शिव्या खाल्ल्या, साहेब. माझ्या बायकोनंच पैली घातली. पण एक बाई तशीच पळत गेली घरी, सुनेनं लावायला घेतलं होतं पोराला. साहेब, तुमी पण सांगून टाका. खोटं बोलून बाटली मिळंल, पण कुनी कुठं कुठं लावलं ते कसं कळंल तुमाला?"

बाबांनी मान हलवली. "रविवारपर्यंत, गायकवाड. साहेबांना शब्द दिलाय."

पिंपांचं काय झालं ते इथेच सांगून टाकते, कारण ह्या हकीकतीत ते सोपं आहे. ती कुर्ल्याला गेली नाहीत. गेटपासवर बाबांची सही लागायची आणि त्या शनिवारी जे घडलं त्यानंतर त्यांनी ती दिलीच नाही. एका बंद शेडमध्ये फरशीवर पिंपं उभी करून त्यांनी स्वतःच्या हाताने त्यांवर लाल रंगात सूचना लिहिली आणि साहेबांच्या वरच्यांना पत्र लिहिलं. त्याबद्दल त्यांना सबस्टेशनातून काढून स्टोअरमध्ये बसवलं, निवृत्तीपर्यंत. पुढे मी ह्याच व्यवसायात आले. ट्रान्सफॉर्मर, पिंपं, राख, खाडीत सोडलेलं गरम पाणी, ह्या सगळ्यांवर मी बैठका केल्या आणि प्रत्येक बैठकीत कुणीतरी समंजस माणूस असतो जो म्हणतो, "अहवाल येईपर्यंत थांबू या, उगाच घबराट नको." वाईट माणूस नसतो तो. बहुतेक वेळा माझ्या बाबांसारखाच असतो. आम्ही विजेची माणसं दिवा लागला की आपलं काम झालं असं समजतो, आणि दिवा लावून जे उरतं ते कुणाच्या अंगणात जाऊन पडतं हे विचारायची आमची तोंडं शिवलेली असतात. तरुण इंजिनीअर मुलं मला विचारतात, "मॅडम, तुम्ही एवढ्या कडक का?" मी त्यांना तो शनिवार कधी सांगितला नाही. इथे पहिल्यांदा सांगते आहे.

शनिवारी सकाळी तांडेलमावशी आल्या. हातात हलव्याची पुडी, तोंडभर हसू. नातीचं बोरन्हाण कसं झालं, तिने बोरं कशी मुठीत धरली, हे सांगून झाल्यावर बाबांनी विचारलं, "मावशी, ते तेल जुनं झालंय, ती बाटली..."

"ती होय! ती आता कुठली माझ्याकडं?" मावशी म्हणाल्या. "रेखाचं बाळंतपण इथंच झालं ना, पहिलटकरीण ती. सासरी धाडताना बाळंतविडा बांधला, त्यात दिली ठेवून. म्हटलं विलायती तेल हाय, पोरीचं अंग धरंल. गुडघ्याला एवढा गुण, तर बाळाला किती! रोज मालिश करते बघा, सकाळ-संध्याकाळ. असू द्या जुनं असलं तरी."

बाबा खाली बसले. खुर्ची बघून नाही, होते तिथेच, उंबऱ्यात. त्यांची पाचावर धारण बसली होती. आई स्वयंपाकघरातून धावत आली. मग बाबांनी मावशींना त्या तेलातल्या विषाचं आणि कागदाचं सांगितलं, फक्त कागद कधी आला ते सोडून. मावशींच्या हातातली पुडी तशीच राहिली. त्या एवढंच म्हणाल्या, "चला."

मी पण गेले. मला कुणी ये म्हटलं नाही आणि नको असंही म्हटलं नाही. मार्व्याच्या धक्क्यावर मनोरीच्या होडीची वाट बघत आम्ही तिघं उभे होतो. मावशींनी बाबांकडे पाठ केली होती. खाडीचं पाणी त्या दिवशी अगदी शांत, करड्या रंगाचं होतं आणि होडीत मासळीच्या रिकाम्या टोपल्या होत्या. मी पाण्याकडे बघितलं की मला त्या कागदातलं वाक्य आठवायचं आणि मी मान फिरवायचे. मी नास्तिक वगैरे होते तेव्हा, पण त्या दहा मिनिटांत जेवढे देव माहीत होते तेवढ्यांना हात जोडून घेतले.

रेखाचं घर धक्क्यापासून जवळच होतं. अंगणात जवळा वाळत घातलेला. रेखा माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, आमच्याच गॅलरीखाली लंगडी खेळलेली. आईला पुन्हा दारात बघून ती चकित झाली. बाळ तिच्या मांडीवर होतं. नुकतीच मालिश झालेली असावी, अंग चकाकत होतं आणि खोलीत डांबराच्या गोळ्यांचा वास होता. बाळाच्या दोन्ही गालांवर काळे बारीक ठिपके होते. "घामोळं हाय, जाईल," रेखा माझी नजर बघून म्हणाली.

बाबा उभेच राहिले. "रेखा, ते तेल लावू नकोस. त्यात विष आहे. ते मी दिलं. देताना मला माहीत नव्हतं."

रेखाने आधी आईकडे बघितलं, मग बाटलीकडे, मग बाळाला उचलून छातीशी धरलं. ओरडेल असं वाटलं होतं. ती ओरडली नाही.

"कवा समजलं तुमाला?" तिने विचारलं.

बाबा खोटं बोलू शकले असते. आज सकाळी, म्हणाले असते तर त्या खोलीत फक्त मला कळलं असतं. "सोमवारी," ते म्हणाले.

"आज कोन वार हाय?"

मीच म्हटलं, "शनिवार."

रेखा बाळाच्या पाठीवरून हात फिरवत पुटपुटली, "मंगल, बुध, गुरु, शुक्र..." आणि तो हात मध्येच थांबला, आपण तेच तेल आणखी चोळतोय हे कळल्यासारखा. मग तिने बाळाला मावशींकडे दिलं, चुलीवर पाण्याचं भगुणं चढवलं आणि साबणाची वडी काढली. "धुवून काढते सगलं," ती म्हणाली. "दोनदा धुते. तीनदा धुते. जाईल ना, काका?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या खोलीत कागद आम्ही दोघांनीच वाचला होता. मला वाटलं, आता तरी एवढं खोटं त्यांनी बोलावं, तिला निदान आजचा दिवस मिळू द्यावा.

"वरचं जाईल," बाबा म्हणाले. "आत गेलेलं जात नाही, पोरी. आणि आणखी एक आहे, तुझ्या दुधाबद्दल. बस, तेही सांगतो."